फुप्फुस मिटते तेव्हा



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण हमालांच्या संघटनेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही आज छातीच्या एका विकाराविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण त्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आहे.

२०२१ च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचा एक हमाल सभासद बारा दिवस प्राणवायूवर राहून घरी आला. तपासणीत विषाणू उरला नव्हता. घरात खाणारी पाच तोंडे. त्याने विचारले, "दादा, कामावर येऊ का?" आम्ही म्हणालो, "ये." चौथ्या दिवशी उजव्या बाजूला एकाएकी कळ आली. त्याला वाटले, उसण भरली. आम्हालाही तसेच वाटले. खाडा पडू नये म्हणून छातीला बाम चोळून त्याने आणखी एक दिवस काढला. रात्री त्याला वाक्य पुरे करता येईना. इस्पितळात एक्स-रे काढला, तेव्हा उजवे फुप्फुस मुठीएवढे मिटलेले दिसले.

हे घडते कसे? फुप्फुस रबरासारखे लवचिक असते. मोकळे सोडले की आक्रसते. फुप्फुस आणि बरगड्यांची भिंत यांच्यामधल्या पोकळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून ते फुललेले राहते. विषाणूमुळे दाह झाला की वायुकोशांच्या भिंती कमकुवत होतात. एखादी फाटली की हवा त्या पोकळीत शिरते आणि फुप्फुस मिटते. डॉक्टर याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांत हे अधिक होते. परंतु यंत्र कधीच न लागलेल्यांतही होते, आणि घरी परतल्यावरही. ब्रिटनमध्ये इस्पितळात दाखल झालेल्या सव्वा लाखाहून अधिक करोनाग्रस्तांची पाहणी झाली; त्यांत शंभरी सुमारे एकाला हा विकार झाला होता. भिऊन जावे असे यात नाही. पण ओळखता यावे, एवढे खासच आहे.

पोते उचलल्यामुळेच ते फाटले असे आम्ही म्हणणार नाही. अंथरुणावर पडल्यापडल्याही हे घडते. जिवावर बेतले ते उशिरामुळे. आत शिरलेली हवा कोंडत गेली तर दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, आणि मग प्रश्न मिनिटांचा उरतो.

त्याच्या बरगड्यांमधून नळी घातली. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्याखाली. हवा बुडबुड्यांनी बाहेर येई, पण पाण्यामुळे परत आत जाऊ शकत नसे. आम्ही खाटेशेजारी बसून ते बुडबुडे पाहत होतो. सहाव्या दिवशी ते थांबले. आतले छिद्र बुजले होते.

श्रोतेहो, विषाणू जाणे ही एक गोष्ट; फुप्फुस भरून येणे ही दुसरी. पहिलीचा कागद मिळतो, दुसरीला वेळ द्यावा लागतो. तो वेळ गरिबाला कोण देणार? आमच्या संघटनेने आता ठरविले आहे : छातीच्या मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाने डॉक्टरांच्या संमतीवाचून पोत्याला हात लावायचा नाही, आणि तोवर त्याची चूल वर्गणीतून पेटती ठेवायची.

तुम्हीही एवढे ध्यानात ठेवा. अशा आजारानंतर छातीच्या एका बाजूला एकाएकी कळ आली आणि धाप वाढू लागली, तर तिला उसण म्हणू नका. तडक इस्पितळ गाठा. बुडालेला खाडा पुढे भरून काढता येतो.