बरं वाटायला लागल्यावर



आसनगावहून पहाटेच्या लोकलनं घरची तरुण मंडळी ठाण्या-मुंबईला निघून जातात. मागे उरलेली आजी म्हणते, "झोप नाही, जेवण जात नाही, कशात जीव रमत नाही." आपण म्हणतो, वय झालं. वयाच्या नावावर नैराश्य असं वर्षानुवर्षं खपून जातं.

शिवाय हा आजार उलटतो. एकदा होऊन गेलेल्यांपैकी निदान निम्म्यांना तो पुन्हा गाठतो. म्हणून बरं वाटू लागल्यानंतरचे महिने मला जास्त जोखमीचे वाटतात. नेमक्या तेव्हाच गोळ्या परस्पर बंद होतात.

या महिन्यांत समुपदेशन कामाला येतं. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. "देवाचं नाव घ्या, मन रमवा" हे सांगायला शेजारपाजार पुरेसा आहे! गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी साठी ओलांडलेल्या, उदासीची सौम्य लक्षणं असलेल्या 181 जणांवर अभ्यास केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. एक अडचण निवडायची, तिच्यावरचे उपाय दोघांनी मिळून शोधायचे, एक करून पाहायचा, पुढच्या भेटीत त्याचं काय झालं ते बोलायचं. सोबत झोपेची शिस्त, मधुमेहाची काळजी, सरकारी योजनांसाठी मदत. वर्षभरात हे समुपदेशन मिळालेल्या गटात शंभरात सुमारे 4 जणांना नैराश्य आलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात 14 जणांना. निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. हा अभ्यास आजार पुरता जडण्याआधीचा होता, उलटण्याचा नव्हे. तरी आपल्याला त्यातून घेण्यासारखं बरंच आहे. शहापूर-मुरबाडकडे वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे अडकलेले पैसे हाही मनाच्या आजाराचा भाग असू शकतो. तहसीलला कोणाला सोबत न्यायचं, कोणता कागद कमी आहे, हे ठरलं तरी त्या रात्री डोळा लागतो.

आजार उलटू नये म्हणून समुपदेशक आणखी एक विचारतो: मागच्या वेळी आधी काय बिघडलं? कोणाची पहाटेची झोप उडते, कोणाचं भजनाला जाणं सुटतं. ती खूण सूनबाईलाही सांगून ठेवावी. दिसली, की थांबू नये. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या.

हे काम आशाताईंवर टाका, असं कोणी म्हणेल. त्यांच्या डोक्यावर आधीच ओझं काय कमी आहे? टाकायचंच तर प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला देऊन टाका.

तोवर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक घरच्या फोनमध्ये साठवून ठेवा. तिथं मराठीतूनही बोलता येतं.