कपाटावरची डबी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक मला म्हणाले, "आपल्या वर्गाचे फोटो तू इंटरनेटवर ठेवतोस, त्याबद्दल पाच मिनिटं बोल." शाळेत भाषणाला उभा राहिलो की तिसरं वाक्य मी हमखास विसरायचो. बाईंना आठवत असेल. म्हणून आज लिहून आणलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं, की आपले फोटो कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या जागेत आहेत. तसं नाही. ते सांगलीला माझ्या घरी, बैठकीतल्या कपाटावर, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या एका डबीत आहेत. रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आहे तो. वीज घेतो पाच वॉटच्या आसपास, म्हणजे महिनाभर दिवसरात्र चालू ठेवला तरी साडेतीन-चार युनिट. तुम्ही मोबाइलवर आपल्या वर्गाचं पान उघडता, तेव्हा ते पान ही डबी पाठवते. सर्व्हर म्हणतात तो हाच.

हा उद्योग का केला? आधी आपले फोटो एका फुकटच्या जागी होते. ती जागा बंद झाली. बंद होणार असल्याचं पत्र ज्या ईमेलवर आलं, तो आपल्यापैकी कोणी उघडतच नव्हतं. मूळ फोटो दोघा-तिघांच्या घरी होते म्हणून वाचलो. तेव्हा ठरवलं, आता आपलं सामान आपल्या घरात.

पण घरचं इंटरनेट हे बाहेरचं बघण्यासाठी दिलेलं असतं, बाहेरच्यांना घरात बोलावण्यासाठी नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४३० कोटी. आपल्या आशिया-प्रशांत भागासाठीचा नव्या पत्त्यांचा साठा २०११च्या एप्रिलमध्येच जवळजवळ संपला. त्यामुळे पुष्कळदा अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो. जुना वाडा आठवा. पोस्टमन वाड्याच्या दारापर्यंत येतो, पण पाकिटावर बिऱ्हाडाचं नाव नाही. मग तो परत जातो. माझ्या डबीचं तेच झालं. घरात पान दिसायचं, घराबाहेर नाही. आठवडाभर मी डबीलाच दोष देत होतो. शेवटी महिन्याला थोडे पैसे जास्त भरून स्वतंत्र, न बदलणारा पत्ता घेतला. राउटरला सांगितलं, की ४४३ क्रमांकाच्या दारावर कोणी आलं तर त्याला कपाटावर पाठव. तेव्हा कुठे पान बाहेर दिसू लागलं.

दार उघडलं, आणि पहिल्याच रात्री पाहुणे आले. आपल्यापैकी कोणी नव्हे. इंटरनेटवरची उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम असतात, ते सकाळपर्यंत शेकडो वेळा पासवर्डचा अंदाज लावून गेले. माझ्यावर कोणाचा राग होता असं नाही. ते सगळ्यांचीच दारं वाजवतात. म्हणून पासवर्डने आत येणंच बंद केलं. आता फक्त माझ्या लॅपटॉपवरच्या किल्लीने आत जाता येतं.

मागच्या मेळाव्यानंतर तुम्ही सगळ्यांनी एकाच वेळी फोटो उघडले आणि "फार हळू आहे रे" म्हणालात. त्याचा हिशेब साधा आहे. माझ्या घरून बाहेर जाणारा वेग तेव्हा सेकंदाला २० मेगाबिट होता. पाच मेगाबाइटचा एक फोटो एकाला जायला दोन सेकंद लागतात. तीस जण एकदम आले की तोच फोटो सगळ्यांपर्यंत पोचायला एक मिनिट. आता पानावर छोटे फोटो ठेवलेत. मोठा हवा असेल त्यानेच तो मागायचा.

वीज गेली की इन्व्हर्टर आहे. पण वळीव गडगडायला लागला की आई घरातली सगळी बटणं बंद करते, त्यात डबीचंही. मग मी कागद चिकटवला, "हे बटण बंद करू नये." पुढे वाचनात आलं, की टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तेव्हा त्यांच्याही संगणकावर लाल शाईने याच अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली होती. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे विजा पडत नसतील."

आता जे सांगायला खरं तर उभा राहिलो, ते सांगतो.

आपल्या मराठीच्या सरांकडे आम्ही दोघं गेलो होतो. सरांचं वय ऐंशीच्या पुढे. बोलता बोलता त्यांनी आपला हजेरीपट तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. एकतिसाव्या क्रमांकापर्यंत आले, थांबले, आणि हसले. ते सगळं मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं, डबीत ठेवलं, आणि मोबाइल भरला म्हणून त्यातून काढून टाकलं. त्या उन्हाळ्यात एकदा इन्व्हर्टर उतरला, वीज चार-पाच वेळा आली-गेली, आणि डबीतलं मेमरी कार्ड गेलं. फोटो दुसरीकडे होते. सरांचा आवाज दुसरीकडे नव्हता. नवं कार्ड आणून पुन्हा सरांकडे जायचं ठरवलं. दिवाळीनंतर जाऊ म्हटलं. दिवाळीच्या आधीच सर गेले.

आपल्या घरात आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं मी धरून चाललो होतो. परक्याच्या जागेत होतं तेव्हा निदान मूळ प्रती जपल्या होत्या. स्वतःच्या घरात आल्यावर तेवढीही काळजी घेतली नाही. चूक वीजवाल्यांची नाही, कार्डाचीही नाही. माझी आहे.

आता प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असतात. एक डबीत, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक पुण्याला आपल्याच एका मैत्रिणीच्या घरी. दर महिन्याला त्यातली एखादी फाइल उघडून बघतो. न उघडता ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, हे आता कळलंय.

दोन विनंत्या आहेत. पहिली, सरांचं ध्वनिमुद्रण तीन महिने आपल्या पानावर होतं. कोणी ते मोबाइलमध्ये उतरवून घेतलं असेल, तर कृपा करून आज रात्री जुने मोबाइल शोधा. दुसरी, डबीची किल्ली फक्त माझ्याकडे आहे, आणि पानाच्या नावाचे पैसेही दरवर्षी मीच भरतो. उद्या मला काही झालं, तर मुदत संपली की ते नाव जाईल. हे काम शिकायला दोघं जण हवेत. संगणकाचं शिक्षण लागत नाही, चिकाटी लागते.

जेवणाआधी मला दोन नावं द्या.