सातवा गिअर नेमका कशासाठी?

नगरहून बोलतोय. गिअर जास्त तितकी गाडी फास्ट, असं बऱ्याच जणांना वाटतं. बघूया.

इंजिन ठरावीक आरपीएममध्येच जोमात असतं. गिअर वाढले की शिफ्ट केल्यावर आरपीएम फार पडत नाही. हा फायदा खरा. पण मॅन्युअलमध्ये प्रत्येक शिफ्टला क्लच दाबायचा, आणि तेवढा वेळ चाकांना ताकदच नाही! ऑटोमॅटिकला आठ गिअर परवडतात, आपल्या हाताला नाही.

आपल्या महाराष्ट्रातली डीसी अवंती घ्या: दोन लिटर टर्बो, सहा गिअर. टर्बोमुळे टॉर्क लवकर मिळतो, सहा पुरतात. २०११ मध्ये पोर्शे ९११ ला सात गिअरचा मॅन्युअल आला, पण टॉप स्पीड सहाव्यातच. सातवा हायवेवर पेट्रोल वाचवायला. ट्रॅकवरच्या जीटी३ ला २०१७ मध्ये मॅन्युअल दिला, तेव्हा गिअर सहाच.

आपल्या करंजी घाटात तर सगळा खेळ दुसऱ्या-तिसऱ्याचा. वळणाच्या मध्येच गिअर बदलायला गेलात तर गाडी बिचकते. तिथे जिवाशी गाठ आहे. म्हणून गाडी घेताना गिअर मोजत बसू नका. तिसऱ्यात चढावर ती कशी ओढते, ते चालवून बघा. भेटू पुढच्या भागात!