हिरवा तुडतुडा आणि तपकिरी तुडतुडा
(शिबिरातलं बोलणं, लिहून घेतलेलं)



भातावर काही उडालं की आपण म्हणतो, तुडतुडा पडला. दुकानदार एकच बाटली देतो, उधारीवर, आणि दिवाळीनंतर खळ्यावरूनच भात उचलून नेतो. पण तुडतुडा एकच नाही.

हिरवा आपल्या ओळखीचा. पानावर बसतो, हात लावला की तिरका चालतो, रात्री दिव्यावर येतो. पंखाच्या टोकाला काळा ठिपका. पानाचा रस शोषतो, शेंडे पिवळे पडतात. त्याच्या एकट्याने आमचं शेत कधी गेलं नाही.

तपकिरी मात्र वरून दिसतच नाही. चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, सावलीत बसतो. बांधावरून शेत हिरवंगार दिसतं. आम्ही असेच फसलो. हस्तात लोंब्या बघून खूश होतो, आणि आठ-दहा दिवसांत शेताच्या मधोमध गोल गोल चट्टे, जाळल्यासारखे. चुडं चिकट, काळी पडलेली, भात आडवं. मग धावत जाऊन बाटली आणली आणि वरून फवारली. औषध पानावरच राहिलं, बुंध्याशी पोचलं नाही. मेले ते कोळी, जे तुडतुडे खातात. चट्टे वाढले, उधारी तेवढी राहिली.

म्हणून भादव्यापासून आठवड्यातून एकदा खाचरात उतरा. दहा-वीस चुडं बाजूला करून बुंधा बघा. एका चुडात पाच-दहा तपकिरी दिसले की तीन-चार दिवस पाणी काढून टाका, युरिया थांबवा. फवारायचंच झालं तर नळी खाली बुंध्याकडे धरा. पुढच्या लावणीत दर दहा-बारा ओळींनंतर फूटभर वाट सोडा, म्हणजे वारा-ऊन आत जाईल.

आता प्लॉटवाल्यांचं. सातबारा नाही म्हणून तलाठी पंचनाम्याला येत नाही, हे माहीत आहे. तरी अर्ज द्या. "रोग पडला" एवढंच लिहू नका. कोणत्या प्लॉटवर, कोणतं भात, किती गुंठे, तपकिरी तुडतुड्याने कधी गेलं, ते लिहा. भरपाई मिळो न मिळो, या साली ही जमीन आपण कसत होतो हे त्या कागदावर येतं. दोन प्रती करा. एकीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या, आणि ती दंडाच्या पावत्यांबरोबर डब्यात ठेवा.