ऑइलचा दिवा विझेपर्यंत

हिवाळ्यात निफाड, पिंपळगावच्या बाजूला पहाटे कधी थांबला असाल, तर एक आवाज तुम्ही नक्की ऐकला असेल. कांदा भरलेला ट्रक रात्रभर थंडीत उभा. ड्रायव्हर चढतो, सेल्फ मारतो, इंजिन पकडतं न पकडतं तोच पाय ॲक्सिलेटरवर. गुर्रर्र! विचारलं तर म्हणतो, "गाडी गरम करतोय." मी आयुष्यभर इंजिनं खोलली आहेत. तो आवाज आला की मला पुढचं बिल दिसायला लागतं.

त्या क्षणी आत काय असतं ते पाहू. रात्री इंजिन बंद केलं, तसं ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये उतरलं. बेअरिंगवर उरला तो नुसता ओशटपणा. चालू इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकलेला नसतो बरं का! तो फिरता फिरता ऑइल स्वतःच्या खाली ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. तो थर केसाहून पातळ, पण धातूला धातू लागू देत नाही. त्यासाठी वेग लागतो आणि ऑइलही लागतं. सेल्फ मारताना दोन्ही नसतात. पंप ऑइल ओढणार, ते फिल्टरमधून वर चढणार, यात काही सेकंद जातात. तेवढा वेळ धातूवर धातू घासतो.

थंडीत हा वेळ वाढतो. आपलं नेहमीचं १५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांवर असतं, त्यापेक्षा ४० अंशांवर सात-आठपट दाट असतं. निफाडच्या पहाटे तर विचारूच नका. यातला 'डब्ल्यू' थंडीचा आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर वाहतं. मात्र कंपनीच्या पुस्तकात नसलेला ग्रेड कुणी सांगितला म्हणून ओतू नका.

सगळ्यात हाल टर्बोचे. त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकतो, आणि ऑइल मात्र त्याच्याकडे इंजिनातूनच बारीक नळीने यायचं. एकदा मी नवा फिल्टर कोराच बसवला आणि गाडी चालू करून रेस दिली. चूक माझीच. आठ दिवसांत टर्बो शिट्टी मारायला लागला, मागून निळा धूर. तेव्हापासून उभा बसणारा फिल्टर असेल तर मी आधी ऑइलने भरतो, तेही कडेच्या बारीक भोकांतून. मधल्या मोठ्या भोकात ओतलं तर कचरा न गाळता थेट बेअरिंगवर जातो.

म्हणजे सेल्फ मारल्यावर ऑइलचा दिवा विझेपर्यंत, काटा वर येईपर्यंत पाय बाजूला ठेवायचा. इतकं सोपं आहे, म्हणूनच कुणी ऐकत नाही.

काहीजण उलट टोक गाठतात. गाडी अर्धा तास नुसती चालू ठेवतात आणि आंघोळ उरकतात. डिझेल इंजिन रिकामं चालवून नीट तापत नाही. गार सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही, पांढरा धूर येतो. न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन चेंबरमध्ये उतरतं आणि तिथलं ऑइल पातळ करतं. दोन-तीन मिनिटं पुरे. मग हलक्या पायाने निघा, आणि पाण्याचा काटा वर आल्याशिवाय घाटात जोर लावू नका.

आता उसाचे ट्रक. गळीत हंगाम संपला की काही गाड्या महिनोन् महिने शेडमध्ये उभ्या राहतात. त्या बाहेर काढताना आधी ऑइल, पाणी, बॅटऱ्या तपासा. मरतुकड्या बॅटरीवर इंजिन कण्हत फिरतं आणि घासणं लांबतं. जुनी गाडी असेल तर स्टॉपर ओढून धरा, म्हणजे डिझेल बंद, आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिट-दोन मिनिटं थांबा, सेल्फ गार होऊ द्या. नव्या कॉमन रेल गाडीत स्टॉपर नसतो. तिची रीत पुस्तकात पाहा. जुन्या गाडीत दोन-तीनदा असा सेल्फ मारला की ऑइलचा काटा जरा हलतो. तो हलला, की मग स्टॉपर सोडा.