मिरजनगरीत आपले स्वागत



आंतरराष्ट्रीय संबंधांतील रचनावादावरील या परिषदेत मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. आपण आलात ती मिरज वैद्यांची आणि वाद्यांची. डॉ. वानलेस यांनी इथे रुग्णालय उभारले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांतल्या फरीदसाहेबांनी सतार घडवली. विष्णु दिगंबर बाळकृष्णबुवांकडे गाणे इथेच शिकले आणि अब्दुल करीम खाँसाहेब तर इथलेच झाले. तरी आज पहिला नमस्कार एका शाळामास्तरांना, वासुदेवशास्त्री खरे यांना.

हायस्कुलात संस्कृत शिकवावे आणि उरलेला वेळ पटवर्धन सरदारांच्या दप्तरात घालवावा, असे शास्त्रीबुवांचे आयुष्य. मोडी पत्र लावायचे, तारीख ठरवायची, नक्कल उतरवायची आणि पुढचा रुमाल सोडायचा. त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड उभे राहिले. १९२४ साली ते गेले. खरे वाचन मंदिरामुळे त्यांचे नाव गावाच्या तोंडी आहे. खंड मात्र फारसे कोणी उघडत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

या खंडांचा आपल्या विषयाशी संबंध आहे. रचनावादी अभ्यासक अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ साली मांडले की, राष्ट्रांमधले शत्रुत्व आणि मैत्री नुसत्या शस्त्रबळावर ठरत नाही, ती परस्परांच्या वागण्यातून घडते. आता आमच्याकडचे पाहा. १७९१-९२च्या मोहिमेत मराठ्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रज आणि निजामाच्या जोडीने टिपूशी लढले. १७९५ला खर्ड्यावर तेच भाऊ निजामावर चालून गेले. थकलेल्या चौथाईचा वाद होताच. पण दरबारातला मानापमान, वकिलांची बोलणी, कोणी कोणाला काय समजले, हे पाहायचे तर त्या काळची पत्रेच उघडायला हवीत. आपल्यापैकी एखाद्या तरुणाने शास्त्रीबुवांच्या खंडांवर प्रबंध लिहावा, ही मिरजकरांची विनंती आहे.

आता व्यवस्थेविषयी. उतरण्याच्या खोल्या कमी पडल्या, काहींना तिघांत एक खोली घ्यावी लागली, त्याबद्दल क्षमा मागतो. रात्री गरम पाणी मिळाले नाही. यापुढे सकाळी सहापासून बंब पेटलेले असतील. दोन्ही वेळचे जेवण देणारे मार्केटातले व्यापारी, मंडप उभारणारे तरुण, भाकरी थापणाऱ्या बचतगटाच्या भगिनी, उद्घाटनासाठी तंबोऱ्यांची जोडी लावून देणारे कारागीर, पाहुण्यांना घरी उतरवून घेणारी कुटुंबे, स्टेशनवर पहाटे उभे राहिलेले विद्यार्थी, या सर्वांचे ऋण मानतो. कोणाचे नाव राहिले असल्यास त्यांनी मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

संध्याकाळी पाच वाजता मीरासाहेब दर्ग्याकडे गाडी निघेल. खाँसाहेबांची समाधी तिथेच आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी दुपारच्या चहापूर्वी नोंद करावी.