जुनी गाडी, पहिली गाडी

नुकतंच लायसन्स मिळालंय आणि अमरावती किंवा अकोल्यात जुनी मोटरसायकल बघताय? मग शंभर सीसीचीच घ्या. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण 110 किलोंची असते. तोल गेला तर पाय टेकवून सावरता येते, आणि तिचं काम खेड्यातला मेकॅनिकही करून देतो.

गाडी बघायला सकाळीच जा. वऱ्हाडातल्या उन्हात दुपारी उभी गाडीही तापते, मग विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून ठेवली होती का, हे कळत नाही. इंजिन थंड असताना किक मारा. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. त्याचा खर्च मोठा, अशी गाडी सोडा. टायरवरचे चार आकडेही वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी आपल्या उन्हाने जुनं रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात घसरतं.

कागदपत्रांत मात्र भिडेखातर काही सोडू नका, विकणारा नात्यातला असला तरी. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर पडताळा. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हवा. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. अमरावतीची एमएच 27 असो की अकोल्याची एमएच 30, गाडी 30 दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या.